डायव्हर हुकवर होता

नौदलात मी हेलिकॉप्टरवर विंच ऑपरेटर होतो. माझ्या गावी, सौंसरला, लोक अजून विचारतात, "नेव्हीत हेलिकॉप्टर कायले?" मी सांगतो, जहाजाच्या पुढं जाऊन पाणबुडी शोधायला, आजारी खलाशी आणायला, बुडता माणूस उचलायला.

विंच म्हणजे दारावरची चरखी. तिच्या पोलादी केबलवरून डायव्हर खाली उतरतो. आमचा डायव्हर विनोद, सौंसरजवळच्याच रामाकोना गावचा. पायलट आमचे फ्लाइट कमांडर. माझ्या लग्नाला ते सौंसरला आले, विनोदच्या शेजारी पंगतीत बसले. त्यांच्यासाठी मी कुठंही उडालो असतो.

पावसाळ्यात एका सकाळी कॉल आला. मासेमारी बोट बुडत होती. वारा जोराचा. विनोद बोटीवर उतरला आणि त्यानं एकेक करून चार माणसं वर पाठवली. शेवटी बोट चालवणारा म्हातारा तांडेल उरला. त्याला वर घेऊन मी विनोदसाठी हुक पुन्हा सोडला. त्यानं तो लावला, अंगठा दाखवला. तेवढ्यात बोट कलली आणि केबल डोलकाठीत गुंतली. हेलिकॉप्टर एका बाजूला ओढलं जाऊ लागलं.

"केबल अडकली! सर, डायव्हर हुकवर आहे!"

"कट."

कमांडरांनी केबल कापायचं बटण दाबलं. केबल तुटली. बोट उलटली. विनोद परत दिसला नाही.

कापणं बरोबर होतं. नाही तर आम्ही सगळेच गेलो असतो. हे आणि विनोद हुकवर होता, हे दोन्ही मी चौकशीत सांगितलं. माझ्यानंतर कमांडर बोलले, "डायव्हरनं आदेश मोडून आधीच हुक काढला होता. मी रिकामी केबल कापली." को-पायलट म्हणाला, "विंच ऑपरेटर काय ओरडला, ते मला नीट ऐकू आलं नाही." निष्कर्षात दोष विनोदचा निघाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला कोणी दोष देत नव्हतं. मग असं का?"

"मला अजून उडायचंय," ते म्हणाले. माझ्याकडं पाहिलं नाही.

मी नोकरीची मुदत वाढवली नाही. गावी आलो आणि आधी रामाकोन्याला गेलो. विनोदचे वडील कापसाच्या शेतात होते.

"साहेब लोक म्हणून राहिले, पोरानं सोताच हुक काढला. तू होता ना तिथं?"

"होतो, काकाजी. त्यानं हुक काढला नाही. मी डोळ्यानं पाह्यलं."

ते शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसले.

"तांडेल जगला का?"

"जगला. पाचही जगले."

"मंग बसून सांग मले. त्यायचे एकेकाचे नाव सांग."

मी सांगितली. शेवटी त्यांनी स्वतःच सहावं नाव घेतलं.