रेकॉर्डिंगमधली चाळीस पावलं

आधीच सांगून ठेवतो... या ग्रुपवरचे अनुभव मी फक्त हसायला वाचायचो. वडाखाली बाई दिसली, मागून पैंजण वाजले... कुठलं काय! आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातलं देव-देव्हारा सगळं बाहेर गेलं. जिथे देवच नाहीत तिथे भुतं कुठून राहायला येणार? त्यामुळे खाली लिंबू-मिरची, ताईत, अमावस्या असलं काही सुचवायला येऊ नका, डोकं फिरतं माझं. हा प्रकार भर दुपारी, तीस माणसांसमोर झालेला आहे.

मी सॅक्सोफोन वाजवतो. गाव तलवाडा, तालुका गेवराई. शिकलो ते काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, लग्नाच्या बँडमध्ये. त्यांचा मुलगा संदीप माझ्याच वयाचा. पुढे पुण्यात नोकरीला असताना मी जॅझ ऐकलं नि येडा झालो. गावी परतल्यावर संदीपलाही त्यात ओढलं. एका स्टँडवर हलगी, एक साइड ड्रम नि दोन झांजा, एवढ्यावर तो असा वाजवतो की भलेभले ड्रमर बघत राहावेत! आमची दोघांचीच जोडी. बीडमध्ये कार्यक्रम केला की अर्ध्या तासानं कुणीतरी विचारायचंच, "मंग गाणं कवा सुरू व्हनार?"

तर पुण्यातला एक महोत्सव नव्या जोड्या निवडणार होता. अट कडक. श्रोत्यांसमोर वाजवलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग, एकसलग, कुठेही कापाकापी नको. काका वारले, वरातीत डीजे आला, बँडला कुत्रं विचारेना. संदीप वीटभट्टीवर रोजानं जात होता. "ह्यात न्हाई झालं तर हलगी खुंटीला टांगणार," असं त्यानं मला तोंडावर सांगितलं होतं. आणि संदीप नाही तर माझं जॅझही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पालीला, बिंदुसरा धरणाच्या अलीकडे, ओळखीच्या एकाचा छोटा हॉल आहे. तो दुपारी दोनपर्यंत मिळाला, नंतर तिथे साखरपुडा होता. रेकॉर्डिंग पाठवायचा शेवटचा दिवसही तोच. संभाजीनगरहून एक जण माइक नि लॅपटॉप घेऊन आला. एकच्या सुमारास माणसं बसली, आम्ही सूर जुळवतोय, तेवढ्यात दारात एक वयस्कर गृहस्थ आले. मी बाहेर गेलो.

"मागच्या घरात मयत झालीय," ते म्हणाले. "माजी बहीण गेली. तासाभरात उचलतोत. तेवढं थांबा, दादा."

दोनला हॉल सोडायचाय, जमणार नाही, मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या सॅक्सोफोनकडे बघितलं. "तुमी बँडवालेच ना? मंग तुमाला मी काय सांगू?"

खरंच सांगायची गरज नव्हती. वरात कितीही रंगात येऊ दे, मयतीचं घर आलं की काका सॅक्सोफोन खाली करायचे. संदीप हलगीवर तळवा दाबायचा. थप्प! सगळा बाजा गप्प. मग चाळीस पावलं मुकाट चालायचं, ठेका मनात धरून. एकेचाळिसाव्या पावलाला सगळे बरोबर समेवर. नवरदेवाचा बाप समोर नाचत असला तरी काका ऐकायचे नाहीत.

आणि मी त्या माणसाला म्हणालो, "तुमच्या खिडक्या लावून घ्या."

हो, असंच म्हणालो. घाला शिव्या. ते निघून गेले.

"कोण होतं बे?" संदीपनं विचारलं.

"पार्किंगचं विचारत होते."

आम्ही सुरू केलं. लई लागलं होतं त्या दिवशी! चौथ्या मिनिटाला श्रोत्यांच्या डोक्यावरून मला खिडकीत तिरडी दिसली. संदीपची नजर हलगीवर होती. मी डोळे मिटले आणि आणखी जोरात फुंकलं. हे नीट वाचा — मी थांबलो नाही, संदीप थांबला नाही. दोन श्रोत्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ पुढे काही दिवसांनी मला मिळाले, त्यात आम्ही सलग वाजवतोय. रेकॉर्डिंगवाल्यानं कानाला हेडफोन लावलेले होते, त्यालाही खंड जाणवला नाही.

टाळ्या पडल्या. संदीपनं घामानं भिजलेल्या अंगानं मला मिठी मारली. माणसं गेली आणि आम्ही तिघांनी तिथेच ऐकायला घेतलं.

चौथ्या मिनिटाला स्पीकरमधून आलं... थप्प. आणि आम्ही गायब!

मला वाटलं लॅपटॉप बंद पडला. पण पंख्याची घरघर चालूच होती. पहिल्या रांगेतल्या गुरुजींचा खोकला स्वच्छ ऐकू आला, कुणाची तरी खुर्ची सरकली. फक्त सॅक्सोफोन नि हलगी नव्हती. आणि लांबून खडीवर पावलं वाजत होती, पुष्कळ माणसांची... मग आम्ही दोघं एकदम, बरोबर समेवर परत आलो.

"असं होतच नाही," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मधलं कापलं असतं तर पंखाही तुटला असता."

मी त्याची कॉलर धरली. "काय धतिंग लावलंय बे! आमचं वाटोळं करायला आलास का?"

संदीपनं मला बाजूला ढकललं. "परत लाव," तो म्हणाला. डोळे मिटून, मांडीवर बोट टेकवत त्यानं ती शांतता मोजली. मग माझ्याकडे बघितलं.

"चाळीस. हे मयतीचं थांबणं हाय." आवाज चढलेला नव्हता. "मगाशी दारात कोण आलतं?"

मी सॅक्सोफोन पेटीत ठेवायला लागलो.

"बोल की बे!"

सांगितलं. हात उगारेल असं वाटलं होतं, पण तो स्टँडवरची हलगी सोडायला लागला.

"मला कावून न्हाई सांगितलंस? मी थांबलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं!" मी ओरडलो. "तुझ्यासाठीच केलं ना? भट्टीवर मरायचंय का तुला?"

"माज्यासाठी? माजा बाप गेला तवा लोकांच्या वराती थांबल्यात माज्या दारात. आन् तू माज्या हातानं दुसऱ्याच्या मयतीवर वाजवून घेतलंस."

तो हलगी तिथेच ठेवून मागच्या घरी गेला, बसायला. मला यायला सांगितलं नाही. मी गेलोही नाही.

संध्याकाळी ते रेकॉर्डिंग मी तसंच पाठवून दिलं. दुसरं होतंच काय हातात? नंतर पुण्यातल्या दोन जाणकारांना ऐकवलं. एक म्हणाला माइकचा दोष, दुसरा म्हणाला मी मुद्दाम केलंय. खोकला आला नि सॅक्सोफोन का आला नाही, हे दोघांनाही सांगता येईना. मलाही आजतागायत कळलेलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आमची निवड झाली होती! खाली लिहिलं होतं, 'मधे तुम्ही दोघे थांबलात, ती जागा सर्वांत आवडली. महोत्सवात ती तशीच हवी.'

पत्र घेऊन मी भट्टीवर गेलो. संदीपनं हात पुसले, दोनदा वाचलं. क्षणभर त्याचा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत.

"चल मग," मी म्हणालो. "माफ कर आणि चल."

त्यानं पत्राची घडी घालून माझ्या खिशात सरकवली.

"हे थांबणाऱ्यांना बोलवायलेत," तो म्हणाला. "आपण कुठं थांबलो बे?"

आणि तो विटा उचलायला वळला. महोत्सवाला आठ दिवस राहिलेत. मी अजून त्यांना काहीच कळवलेलं नाही.