मैत्री मंडळाची घटना

फोन आला तेव्हा बेबीनंदाबाई शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वाटूरच्या शाळेत पोरांची खिचडी त्याच शिजवतात, चौदा वर्षं झाली. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एका बाईचा शहरी, शुद्ध आवाज आला.

"बेबीनंदा खरात का? मैत्री महिला मंडळाच्या अध्यक्ष? मी नोंदणी कार्यालयातून रजनी बोलतेय. तुमच्या अर्जाला घटना जोडलेली नाही. उद्या अकरा वाजता जालन्याला संविधान सभागृहात आमचं शिबिर आहे. तिथं घटना घेऊन या. घटनेशिवाय फाईल पुढं जात नाही."

"व्हय मॅडम, आणते की," बेबीनंदाबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाल्यावर हातातलं सूप तसंच धरून बसल्या. घटना आणायची, म्हणजे नेमकं काय आणायचं?

अर्ज होता तो बालवाडीच्या जुन्या खोलीसाठी. वस्तीतली ही खोली सहा वर्षं कुलूपबंद होती. आत गवत उगवलेलं, खिडकीचं एक दार कुणीतरी नेलेलं. दहावी-बारावीच्या पोरींना घरात बसून अभ्यास होत नाही, तर ही खोली साफ करून त्यांना द्यावी, असं बेबीनंदाबाईंच्या मनात आलं. त्यांनी अकरा बायका जमवल्या. ग्रामसेवक म्हणाले, खोली देता येईल, पण नोंदणी झालेल्या संस्थेलाच. म्हणून मंडळ काढलं, फाट्यावरच्या टायपिंगवाल्याकडून अर्ज भरून घेतला आणि पाठवून दिला. तिथवर सगळं सरळ होतं.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट चुलत सासूला सांगितली. सगुणाबाई ओसरीत तूर पाखडत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"घटना? काय घडलं बाई? पोलिसानं बलावलं का?"

"न्हाई काकी, पोलिसाची न्हाई. नोंदणीवाल्या मॅडम म्हणल्या, घटना घिऊन या."

"मंग तुझ्याकडं हाये की घटना. फळीवर ठिवलेली."

तेही खरंच होतं. बेबीनंदाबाईंचं माहेर अंकुशनगरचं. बाप साखर कारखान्यात हमाली करायचा, पोरगी तिसरीतच शाळेतून निघाली आणि सोळाव्या वर्षी वाटूरला धर्मराज खरात नावाच्या गवंड्याच्या घरी नांदायला आली. पुढं गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा कडेवर पोरगं घेऊन त्या वर्गाला जायच्या. परीक्षेत पहिल्या आल्या. मास्तरांनी त्यांना बक्षीस म्हणून भारताच्या संविधानाचं जाडजूड पुस्तक दिलं. वस्तीत सगळे त्याला घटनाच म्हणत. ते वाचायचा त्यांनी पुष्कळ वेळा प्रयत्न केला. पण त्यातलं एकेक वाक्य मालगाडीसारखं लांब. डबे मोजता मोजता इंजिन कोणत्या रंगाचं होतं ते विसरून जायचं. दरवर्षी संविधान दिनाला मात्र पुस्तक खाली काढून पुसायचं आणि पुन्हा फळीवर ठेवायचं, हे चुकलं नाही.

सून पायल शिकलेली होती, तिला विचारलं असतं. पण ती भोकरदनला माहेरी गेल्ती आणि फोन लागेना. धर्मराज म्हणाले, "पुस्तकच म्हणत असतीन. आजकाल सगळीकडं त्याचं पयलं पान वाचून घेतेत."

दुसऱ्या दिवशी बेबीनंदाबाईंनी पुस्तक धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत उभं ठेवलं आणि फाट्यावरून जालन्याची बस धरली.

स्टँडवर उतरून त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "संविधानाला जायचंय."

रिक्षावाला म्हातारासा होता, दाढी पांढरी. त्यानं विचारलं, "कौनसे संविधान को, मौसी? संविधान इधर बहोत हैं."

"म्हंजी?"

"चौक है, नगर है, मंगल कार्यालय है. तुमको किधर होना?"

त्यांना सभागृह हा शब्द त्या घटकेला आठवेना. त्या म्हणाल्या, "जिथं सरकारी लोक येऊन बसतेत तिथं."

त्यानं त्यांना चौकात नेऊन सोडलं. चौकात एक संगमरवरी स्तंभ होता, त्यावर सोनेरी अक्षरं कोरलेली, आणि कठड्यावर तीन-चार म्हातारे पेपर वाचत बसलेले. सरकारी म्हणावं असं तिथं कुणीच नव्हतं. एकानं पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "ते संविधान नगरात असंल बघा. असं सरळ जाऊन डाव्या हातानं."

संविधान नगरात सगळी घरं सारखी. दोन गल्ल्या फिरल्यावर एका फाटकावर मोठ्या अक्षरांत 'संविधान' लिहिलेलं दिसलं. बेबीनंदाबाईंना हायसं वाटलं. त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि आत जाऊन पिशवीवरचा हात न काढता उभ्या राहिल्या. बनियनवरचे एक गृहस्थ दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"कोण पाहिजे?"

"घटना आणलीय जी. रजनी मॅडमनं बलावलं व्हतं."

गृहस्थांनी फाटकावरच्या नावाकडं बोट दाखवलं. "बाई, हे माझं घर आहे. रिटायर झाल्यावर बांधलं, नाव हे दिलं. मॅडमबिडम इथं कुणी नाही." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, आतून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाले, "कार्यक्रम असेल तर पुढं मंगल कार्यालयात बघा, तिथं मोठा हॉल आहे."

त्या हॉलात हळद चालू होती. दारातच एका पिवळ्या हाताच्या बाईनं त्यांचं मनगट धरलं. "मुलीकडच्या ना? किती उशीर. चला, आधी जेवून घ्या." बेबीनंदाबाई नाही म्हणेपर्यंत समोर पत्रावळ आली. लोकांच्या घरचं अन्न टाकून उठावं तर कसं, आणि खावं तर कोणत्या नात्यानं? त्यांनी दोन घास खाल्ले, नवरीला लांबूनच हात जोडले आणि पिशवी सांभाळत बाहेर पडल्या. ऊन चढलं होतं. आपण गावातून निघालो ते कशासाठी, हेही त्यांना क्षणभर पुसट झालं.

शेवटी एका टपालवाल्यानं रस्ता दाखवला. सभागृह स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, कचेरीच्या पाठीमागंच होतं. त्या पोचल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

रजनी मॅडम पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी नाव शोधलं आणि हात पुढं केला. "आणली घटना?"

बेबीनंदाबाईंनी टॉवेल सोडला आणि पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं.

रजनी मॅडमनी ते उघडलं. पहिल्या पानावर मास्तरांच्या अक्षरात नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: साक्षरता वर्ग, प्रथम. शेजारच्या टेबलावरचा कारकून हसायच्या बेतात होता. मॅडमनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो पुन्हा कागदात शिरला.

"बेबीनंदाताई, ही देशाची घटना आहे. मला तुमच्या मंडळाची पाहिजे."

"मंडळाची येगळी कशी असंल मॅडम? आमी काय देशाच्या भायेर हाव का?"

मॅडमनी एक खुर्ची ओढून दिली. "बसा. देशाची एक असते, आणि प्रत्येक संस्थेची आपली एक असते. तिलाही घटनाच म्हणतात. म्हणजे नियम हो. सभासद कोण होणार, अध्यक्ष कसा निवडायचा, किती वर्षांसाठी, सभेला किती जणी लागतात, एखादीला काढायचं झालं तर कसं काढायचं."

"कुणाला काढायचं?"

"आज कुणाला नाही. पण तशी वेळ येते."

"मंग हे सगळं लिहितं कोण?"

"तुम्हीच."

"आमी?" बेबीनंदाबाईंनी टेबलावरच्या पुस्तकाकडं पाहिलं. इतकं मोठं काम शिकलेल्या थोर माणसांनी करायचं असतं, एवढंच त्यांना आजवर माहीत होतं.

"बाहेर झेरॉक्सवाल्याकडे तयार नमुना मिळतो," मॅडम म्हणाल्या, "पण नुसतं नाव घालून आणू नका. बसून वाचा. मागं एका महिला मंडळानं न वाचता दिली. ती कुस्तीच्या तालमीची निघाली."

बसमध्ये त्यांनी विकत घेतलेला नमुना वाचून पाहिला. आजीव सभासद, पदसिद्ध, गणपूर्ती. पुस्तक एकदा उजव्या मांडीवर, एकदा डाव्या मांडीवर घेत त्या वाटूरला उतरल्या, आणि नवऱ्यानं काय झालं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काम झालं का न्हाई झालं, ते पायल आली म्हंजी कळंल."

पायल आली. पुढच्या रविवारी दुपारी अकरा जणी बालवाडीच्या कुलपासमोर सतरंजी टाकून बसल्या. पायल एकेक कलम वाचायची आणि सोप्या बोलीत सांगायची. पहिल्याच कलमावर गाडी अडली. सभासद कोण? कुणी म्हणालं, वस्तीतल्या बायका. शिवकन्या गावाच्या वरच्या गल्लीतली, शिवणकाम करणारी. तिची पोरगी बारावीला होती म्हणून ती मंडळात आल्ती. ती सतरंजीचा दोरा ओढत बसली. बेबीनंदाबाईच म्हणाल्या, "वस्ती खोडा. गावातल्या बायका लिवा." त्यावर दोघी-तिघी कुरकुरल्या, पण तसं लिहिलं गेलं.

गणपूर्तीला सगुणाबाईंनी हरकत घेतली. "आपल्यात गणपती कुठून आणला?" पायलनं समजावलं की सभेला कमीत कमी किती बायका लागतात त्याचा हा आकडा. "मंग आकडा म्हण की," सगुणाबाई म्हणाल्या. आकडा सात ठरला.

मग पायलनं वाचलं, "अध्यक्षाची मुदत," आणि पुढं रिकामी रेघ होती.

मग शिवकन्या हळूच म्हणाली, "दोन वर्ष ठिवा. आन् लागोपाठ तीच बाई न्हाई. बारीबारीनं."

बेबीनंदाबाईंनी मान हलवली. बराबर आहे, गावात बघतोच आपण, एकदा खुर्ची मिळाली की माणसं तिथंच रुजतात. त्या हेच मनात म्हणत होत्या. पायलचं पेन मात्र कागदावर थांबलेलं होतं आणि ती सासूकडं बघत होती. बाकीच्या बायका पण बघत होत्या. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की अध्यक्ष म्हणजे त्याच.

"लिहू का आत्या?"

"सगळ्यायला इचार. मला काय इचारती?"

हात वर झाले. बेबीनंदाबाईंनी ते मोजले नाहीत, सतरंजीकडं बघत राहिल्या. बायका दारोदार फिरून त्यांनीच जमवल्या होत्या. जालन्याच्या उन्हात त्याच हिंडल्या होत्या. आणि तरी शिवकन्येचं बोलणं कुठं चुकलं, हे त्यांना सांगता येईना.

"लिव," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी भाकरी थापताना त्यांनी सुनेला विचारलं, "तू बी हात वर केल्ता का?"

"केल्ता."

"काहून? माझा राग हाये का तुला?"

"बिलकुल न्हाई."

"मंग?"

पायलनं तव्यावरची भाकरी उलटली. "राग न्हाई म्हणूनच तर करू शकले. तुम्ही मला घराच्या भायेर काढनार न्हाईत, हे मला ठाऊक व्हतं."

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, हे बेबीनंदाबाईंना कळेना. त्यांच्या माहितीत एखाद्याच्या विरोधात हात उचलला जायचा तो भांडणात. भांडण नाही, अबोला नाही, सून शेजारी बसून भाकरी भाजते आहे, आणि तिनं हातही वर केलेला आहे. त्यांनी पिठाचा हात धुतला आणि पुन्हा त्याच परातीत पीठ घेतलं.

घटना जालन्याला गेली. या वेळी रजनी मॅडमनी ती उभ्या उभ्या चाळली, मुदतीच्या कलमावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी सुचवलं?" बेबीनंदाबाई म्हणाल्या, "मंडळानं." तीन महिन्यांनी नोंदणीचा कागद आला, पावसाळ्यानंतर खोली मिळाली. धर्मराजनं गिलावा केला, खिडकीला दार बसलं. पहिल्या वर्षी चौदा पोरी अभ्यासाला आल्या. शिवकन्येची आकांक्षा बारावी झाली आणि नर्सिंगला गेली. दोन वर्षं कशी गेली ते कळलंही नाही.

मुदत संपली त्या दिवशी चिठ्ठ्या टाकून निवड झाली आणि शिवकन्या अध्यक्ष झाली. बेबीनंदाबाईंनी स्वतःच्या हातानं तिला खोलीची किल्ली दिली, रजिस्टर दिलं. कुणी काही वाईट बोललं नाही. पण पुढचे कित्येक दिवस त्यांची पंचाईत होत राहिली. पोरी सवयीनं त्यांच्याच दारात येऊन म्हणायच्या, "मावशी, किल्ली." खोलीतला बल्ब गेला तर लावावा, का अध्यक्षाला कळवावं? एकदा त्यांनी लावला आणि मग दिवसभर वाटत राहिलं, की आपण दुसऱ्याच्या कामात हात घातला. पुढच्या वेळी लावला नाही, तर आपण बघून न बघितल्यासारखं केलं असं वाटलं. शिवकन्येला विचारायला गेल्या तर ती मशीन थांबवून म्हणाली, "ताई, मला तरी कुठं कळून राह्यलंय? मी तर तुमालाच इचारायला येनार व्हते."

पहिल्या सभेला त्या नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी गेल्या. सतरंजी झटकून टाकली. मग तिच्या मधोमध उभ्याच राहिल्या. इतके दिवस भिंतीला टेकून, दाराकडं तोंड करून बसायच्या, ती जागा आता त्यांची नव्हती, आणि दुसरी कोणती, हे कुठल्या कलमात लिहिलेलं नव्हतं. बायका येत गेल्या, आपापल्या जागी बसत गेल्या, आणि पायलनं मागच्या सभेचं टिपण वाचायला घेतलं. सगुणाबाईंनी बाजूला सरकून त्यांना हातानं खाली ओढलं.

"बस इथं. आता तू कोण हाईस गं मंडळात?"

"सभासद."

"म्हंजी काय करायचं असतंय?"

"थांबा काकी," बेबीनंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पायलचं वाचून झालं की इचारते."