नंदाचा पंचावन्नावा नंबर

नंदाच्या नावाने पहिल्या नंबराला बक्षीस देणार असाल तर माझं नाव त्यातून काढा.

काल दुपारी नंदा गेली. कॅन्सर होता, उशिरा कळला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर भराभर हात जोडून झाले. आज सकाळी कोणाला तरी आयडिया सुचली की तिच्या स्मरणार्थ शाळेत दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस ठेवू या.

खाली नुसते अंगठे.

एकीने तर लिहिलं, "आपल्या वेळची शिस्तच वेगळी होती गं. नंबराप्रमाणे बसवायचे, म्हणून तर आपण घडलो."

कोण घडलं? तू घडलीस. मी घडले. नंदाची वाट लागली.

जे आमच्या शाळेत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. भांडुपची मुलींची शाळा, ऐंशीच्या दशकातली. सातवीत आम्ही छप्पन्न जणी. प्रगतिपुस्तक मिळायचं त्या दिवशी सगळे बाक रिकामे करायचे आणि दप्तर घेऊन भिंतीला लागून उभं राहायचं. बाई नंबर वाचायच्या. पहिली, दुसरी पुढच्या बाकावर. तिसरी, चौथी त्यांच्या शेजारच्या बाकावर, अशा ओळी मागे मागे. पुढची परीक्षा होईपर्यंत तीच जागा.

माझा तिसरा असायचा. नंदाचा पंचावन्नावा, नाहीतर छप्पन्नावा.

पन्नासच्या पुढे बाई नावं वाचायच्याच नाहीत. "उरलेल्या बसा मागे." बस.

नंदा आणि मी एकाच चाळीत राहायचो. तिचं तोंडी गणित माझ्यापेक्षा फास्ट होतं. वाण्याकडचा हिशोब वाणी करायच्या आधी ती करायची. मग शाळेत काय होतं, हा प्रश्न मला पडला नाही. बाईंनाही पडला नाही.

घटक चाचणीचे प्रश्न फळ्यावर लिहायचे. एकदा नंदाने दहाच्या दहा गणितं सोडवली आणि तिला दहापैकी भोपळा मिळाला. बाईंनी तिची वही सगळ्या वर्गाला उघडून दाखवली. फळ्यावरच्या तीनच्या जागी सहा, एकच्या जागी नऊ. उतरवलेली सगळी भलतीच गणितं, पण त्या प्रत्येकाचं उत्तर बरोबर.

आम्ही हसलो. मीपण हसले.

तिला फळा दिसत नव्हता हो!

एवढी साधी गोष्ट. शेवटच्या बाकावरून दिसत नाही म्हणून मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत म्हणून शेवटचा बाक. बारा वर्षांच्या मुलीला या चरकात घातलं आणि वर तिलाच ढ म्हणून मोकळे झाले. याला शिस्त म्हणायचं?

आठवीत ती नापास झाली. तिची आई कोकणातली, फटकळ. चाळीच्या गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणाली, "शाळा डोक्यात शिरना नाय तर कित्याक जातंस? घरात ऱ्हव."

संपली शाळा.

पुढे एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत तिला कॉइल गुंडाळायचं काम लागलं. तिथल्या मेडिकल तपासणीत पहिल्यांदा कोणीतरी तिचे डोळे तपासले. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

चष्मा लागला त्या संध्याकाळी ती मला नाक्यावर भेटली. मी कॉलेजमधून येत होते. ती समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत उभी होती, एकेक करून, मोठ्याने.

मग मला म्हणाली, "ए, तुम्हाला फळा असा दिसायचा?"

"हो."

"मला वाटायचं कोणालाच दिसत नाही. तुम्ही हुशार, म्हणून तुम्हाला कळतं."

मी म्हणाले, "फ्रेम झकास आहे गं."

कंपनीतल्या कॉइलची तार केसासारखी बारीक असायची. तीस वर्षं नंदाने ती गुंडाळली. तिचा पीस सहसा रिजेक्ट व्हायचा नाही. नवीन मुलींना तीच शिकवायची. पण कोणी शिक्षण विचारलं की हसून सांगायची, "मी ढ होते हो." मुलीच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा व्याह्यांना हेच सांगितलं. मी शेजारी बसले होते. चहा पीत होते.

दोन महिन्यांपूर्वी तिने मला घरी बोलावलं आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात दिला. "बघ गं काय म्हणतात ते. तू हुशार, तुलाच कळणार."

मी वाचला. मला कळला. तिला मात्र म्हणाले, डॉक्टर नीट सांगतील.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ग्रुपवरच्या बायकांवर मी सकाळपासून उगाच आग पाखडत नाहीये.

सातवीत, सहामाहीनंतर, नंदा एकदा प्रार्थनेच्या आधी माझ्याकडे आली होती. म्हणाली, "आजचा एकच दिवस मला तुझ्या जागेवर बसू दे ना. तू माझ्या बाकावर बस. मला पुढून बघायचंय."

एक दिवस! एका दिवसात तिला कळलं असतं की फळा दिसतो. बाईंना कळलं असतं. कदाचित एका आठवड्यात सगळं बदललं असतं.

मी म्हणाले, "नंबर काढ, मग बस."

वाक्य बाईंचं होतं, पण बोलले मी. ती मागे गेली. परत कधीच विचारलं नाही.

नंदा, तुझ्यात काहीच कमी नव्हतं. हे तुला सांगायला माझ्याकडे चाळीस वर्षं होती, आणि मी सांगितलं नाही, कारण मग माझा तिसरा नंबर मला फळा दिसत होता म्हणून आला, तेही सांगावं लागलं असतं.

माझी श्रद्धांजली एवढीच. मला माफ करू नकोस.