हृदयातला फुगा

२००६चा जानेवारी. जयपूर, जगतपुरा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही... आणि भाजीची पिशवी शेजारी ठेवून मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. वय वर्षं एकतीस!

नवरा, विनय, विमा कंपनीत. अमरावतीहून बदली होऊन दीड वर्ष झालं होतं आणि जवळजवळ तेवढाच काळ मी खोकत होते. सगळे म्हणायचे, इथली धूळ मानवत नाही तुला. मीही तेच धरून चालले होते. पर्समध्ये इनहेलर, आणि झोपताना पाठीशी आधी एक उशी, मग दोन, मग तीन... आडवं पडलं की पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं.

पाच वर्षांची लेक एकदा म्हणाली, "आई, तू म्हातारी झालीस का?" मी हसले... पण हसतानाही दम लागला.

शेवटी विनय मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथले डॉक्टर साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग एकच प्रश्न... "बचपन में कभी जोड़ सूजे थे? आज घुटना, कल कोहनी?"

अंगावर काटा आला माझ्या. चौथीत असताना महिनाभर तापाने झोपून होते, सांधे सुजले होते, सहामाही परीक्षा बुडाली होती. मी स्वतः विसरले होते ते. त्या माणसाला माझं चौथीचं वर्ष माझ्या छातीत ऐकू आलं!

तो ताप सांध्यांतून निघून गेला होता, पण जाताना हृदयातली एक झडप खराब करून गेला होता. फुफ्फुसांतून आलेलं रक्त त्या झडपेतून पुढे जातं. इको झाल्यावर डॉक्टरांनी हात पुढे करून दाखवलं... तिथून दोन बोटं सहज जायला हवीत, माझ्यात करंगळीही जेमतेम गेली असती. पुढे जाता न आल्यामुळे रक्त मागे, फुफ्फुसांत तुंबत होतं. म्हणजे धुळीचा बिचारीचा काहीच दोष नव्हता.

छाती उघडायची नाही, फुग्याने झडप मोकळी करायची, असं ठरलं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर रुक्मा होती. जयपूरजवळच्या बगरूची, कापडावर ठशांनी छपाई करणाऱ्या घरातली, नखांत निळा रंग मुरलेला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान... आणि आजार अगदी तोच. तीन शब्द बोलली की थांबून श्वास घ्यायची.

तिने घरी जायचं ठरवलं होतं. "दिल में तार... डालेंगे. मैं नहीं... कराऊँ, दीदी." तिची सासू खाटेच्या कडेला बसून पदराने डोळे पुसत होती. डॉक्टरांनी त्या माउलीला स्पष्ट सांगितलं होतं, असंच राहिलं तर मुलगी फार दिवस काढणार नाही.

मी रुक्माला धीर दिला खरा... पण उद्या माझाच नंबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत नेलं. भूल फक्त जांघेत, मी पूर्ण जागी. शिरेतून एक बारीक नळी वर सरकत गेली आणि समोरच्या स्क्रीनवर मला माझं स्वतःचं हृदय दिसलं... करड्या सावलीसारखं, हलणारं. नळीच्या टोकाचा फुगा झडपेपाशी पोचला. फुगला तेव्हा मधोमध आवळल्यासारखा दिसत होता, डमरूसारखा. क्षणभर मला घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारलं... आणि मग ती आवळलेली जागा सुटली.

सगळं मिळून काही सेकंद. डॉक्टर म्हणाले, "अब लंबी साँस लीजिए."

घेतली... आणि ती आत जातच राहिली. कुठे अडलीच नाही. माझ्या कानशिलांवरून पाणी वाहायला लागलं. सिस्टरला वाटलं दुखतंय. मी नुसती मान हलवत राहिले.

वॉर्डात आणलं तेव्हा पाय न हलवता, एकही उशी न घेता सपाट पडून राहायचं होतं. रुक्मा टक लावून बघत होती. "दीदी, तकिया?"

"नहीं चाहिए," मी म्हटलं.

ती भिंतीला धरून उठली, माझ्या खाटेशी आली आणि माझ्या छातीवर तळहात ठेवून उभी राहिली. किती वेळ कोण जाणे... माझा श्वास वर-खाली होताना बघत राहिली. मग सिस्टरकडे वळून म्हणाली, "मेरा भी नाम... लिख लो."

तिचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला. मी देवाचं नाव घेत दरवाज्याकडे डोळे लावून होते. स्ट्रेचर आलं तेव्हा ती हसत होती.

आणि संध्याकाळपर्यंत ती थांबेचना! नीळ कशी आंबवतात, रंगाला कुठलं ऊन चांगलं, नणंदेच्या लग्नात काय काय झालं... राजस्थानी, हिंदी, सगळं एकत्र. सिस्टर दोनदा ओरडली, आराम करो. तेव्हा सासूने हात जोडले. "बोलने दो, सिस्टरजी. दो साल से इसकी पूरी बात नहीं सुनी."

सिस्टर निघून गेली. तिचेही डोळे भरले होते, मी पाहिलं.

मी आजही दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते, वर्षातून एकदा इको करते. झडप बरी आहे. चौथीतल्या त्या आजारापासून बावीस वर्षं माझं हृदय त्या चिमुकल्या फटीतून मला जगवत होतं, आणि मला पत्ताही नव्हता... त्याच्यापुढे, आणि ते ऐकू शकणाऱ्या त्या कानांपुढे, हात जोडावेसे वाटतात.