सर्पगंधेची गोळी

"कागद एक, जीव दोन," असं म्हणूनच आमच्या डॉक्टरीणबाई पेनचं टोपण काढायच्या. समोर पोटुशी बाई असली की हे ठरलेलं. नव्या पेशंटना वाटायचं, बाई औषधाआधी मंत्र म्हणतात.

अमरावतीत त्यांचं आठ खाटांचं प्रसूतिगृह होतं. पन्नास सालानंतर बरीच वर्षं मी तिथे नर्स होते. बाई वकिलाच्या घरातल्या, उंच, एकट्या, आवाजानं करड्या. भरल्या दिवसांत कापूस वेचायला गेलेल्या सुनेला त्या अशा झापत, की सोबतची सासूच आधी रडायला लागे. मग तिच्यासाठीच आतून चहा येई. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही आधी भीती वाटली असती, मग हसू आलं असतं.

शेवंता चांदूर बाजारकडची. दोन बाळं पोटातच गेलेली. तिसऱ्या खेपेला आली ती सुजलेले पाय आणि ठणकणारं डोकं घेऊन. बाईंनी रक्तदाब तीनदा मोजला, तिन्ही वेळा तेवढाच चढलेला. त्या काळी सर्पगंधेच्या गोळ्या नव्यानं आल्या होत्या. मुळी आपल्याकडची जुनी, गोळी मात्र मोठ्या दवाखान्यांतून रक्तदाबावर वापरत. बाईंनी ती लिहून दिली. दाब उतरला आणि मुलगा जिवंत जन्मला.

पण त्याचं नाक इतकं चोंदलेलं, की अंगावर पिताच येईना. आणि सारखा गळाठलेला. ड्रॉपरनं थेंब थेंब दूध, कापसाच्या वातीनं नाक साफ, असं तीन दिवस चाललं. बड्या घरच्या बायकांवर डाफरणाऱ्या आमच्या बाई त्या चिमण्या जिवाची मनधरणी करत होत्या, "पी ना रे राजा, एवढा घोट पी." चौथ्या दिवशी तो प्यायला. बाईंनी सगळ्या खाटांवर पेढे वाटले.

त्याचं नाव बबन ठेवलं. दोन वर्षांचा झाला तरी तो उभा राहिला नाही. चौथ्या वर्षी चालू लागला, पण बोलेना. आवाज झाला की कान झाकून किंचाळायचा. शेवंता दरसाल त्याला दाखवायला आणी. "होईल हळूहळू," बाई म्हणत. मग एका वर्षी त्यांनी 'होईल' म्हणणं सोडलं.

एके दुपारी डॉक्टरांचं एक परदेशी मासिक पुढ्यात घेऊन त्या बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं. ही गोळी त्याचा साठा रिकामा करते."

"मग?"

"मोठ्या माणसात पुन्हा भरतो. पण पोटात ज्याचा मेंदू अजून घडतोच आहे, त्याचं काय होतं? त्या घडण्यात ह्या द्रव्याचं काही काम असलं तर?"

त्यांनी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना लिहिलं, मुंबईच्यांना लिहिलं. एक उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. दुसरं आलंच नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी शेवंताला समोर बसवलं. "मी दिलेल्या गोळीनं झालं असेल. नसेलही. मला कळत नाही, शेवंता. कोणालाच कळत नाही."

शेवंतानं बबनचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "गोळी नसती देल्ली, तं हा रायला असता का?"

"कदाचित तूही राहिली नसतीस."

"मंग तुमी काहून रडून राह्यल्या, बाई?"

तिनं माफ केलं होतं, की तिला एवढंच म्हणता येत होतं, मला आजही सांगता येत नाही. बाईंना त्यानं दिलासा मिळाला नाही, एवढं खरं.

त्याच आठवड्यात तसाच दाब चढलेली दुसरी बाई आली. कपाटात दुसरं खात्रीचं औषध नव्हतं. बाई उघडं पेन धरून बसून राहिल्या. शाई वाळली. त्यांनी पेन झटकलं आणि तीच गोळी लिहिली. या वेळी 'कागद एक, जीव दोन' म्हणाल्या नाहीत.

पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. अकोल्याला भाऊ वकील होता, तो घेऊन गेला. मी भेटायला गेले तेव्हा जीभ जड झाली होती. मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "बबन... बोलला?"

एका शब्दाचं खोटं होतं. मला ते बोलता आलं नाही. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. महिन्याभरात त्या गेल्या.

त्या साली शेवंता आली तेव्हा प्रसूतिगृहाला कुलूप होतं. मी शेजारीच राहायचे. ती पायरीवर बसलेली, ओटीत तुरीच्या शेंगा. बाई गेल्याचं मी सांगितलं. तिनं शेंगा माझ्या पदरात ओतल्या, आणि आठ वर्षांच्या बबनला पाठुंगळी घेऊन मोटारस्टँडच्या वाटेला लागली. स्टँडवर मोटारींचे भोंगे वाजत होते. त्यानं दोन्ही हातांनी आपले नाही, आईचे कान झाकून धरले होते.