जज थोरस्टाड आणि उशिरा आलेला साक्षीदार

आर्विला थोरस्टाड फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाची जज झाली तेव्हा चोपन्न वर्षांची होती. खरं तर ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच तयार होऊन बसली होती. मधली सहा वर्षं वॉशिंग्टनवाल्यांनी खाल्ली.

मी मार्लिस, तिच्या कोर्टातली स्टेनो. खटल्यात जो तोंड उघडेल त्याचा शब्द न् शब्द यंत्रावर टिपायचा, हे माझं काम. कोर्टात मी तिला ‘अहो जज’ म्हणते आणि दुपारी समोरच्या हॉटेलात सूप पिताना ‘अगं आर्विला’.

तिचे वडील शाळेची बस चालवायचे. सात वाजून दहा मिनिटांनी जे पोर फाट्यावर नसेल ते मागे राहिलं, मग ते घरचं का असेना. सहावीत असताना आर्विला एकदा राहिली. बर्फ तुडवत अडीच मैल चालत गेली आणि तेव्हापासून तिनं घड्याळाशी जे लग्न लावलं ते लावलंच. दुसरं लग्न तिनं केलं नाही. केलं असतं तर नवरदेव दोन मिनिटं उशिरा येऊन बाद झाला असता.

कायदा शिकली, एका म्हाताऱ्या जजच्या हाताखाली दोन वर्षं निकालांचे मसुदे लिहिले, मग चौदा वर्षं सरकारी वकिली केली. पुढे मॅजिस्ट्रेट झाली. म्हणजे मोठ्या जजच्या खालची पायरी, जामीनबिमीन बघणारी. तिथं असताना आमच्या सिनेटरांचा फोन आला, तुमचं नाव राष्ट्राध्यक्षांकडे पाठवतोय म्हणून.

मग चौकशी सुरू झाली. कोटवाले दोन अधिकारी तिच्या शेजारच्या इंग्वाल्डकडे गेले. “बाईंना काही नाद? दारूबिरू?”

“दारू असती तर बरं होतं,” इंग्वाल्ड म्हणाला. “रविवारी पावणेसातला माझं दार वाजवते. म्हणे, तुझं गवत वाढलंय.”

चौकशीत ती पास झाली. चर्चमधल्या बायकांनी तीन थरांचा केक केला. पण नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटमध्ये तिचे कागद चौदा महिने पडून राहिले, निवडणूक झाली, सरकार बदललं आणि कागद परत आले. केक तिच्या आईनं, गुड्रुननं, फ्रीजरमध्ये टाकला.

“आई, टाकून दे तो,” आर्विला म्हणाली.

“का म्हणून? लोणी चांगलं पडलंय त्यात. देशाला अक्कल आली की खाऊ.”

दोन मिनिटं कुणाची वाट न बघणारी बाई पुन्हा जामिनाच्या अर्जांपाशी जाऊन बसली. फक्त त्या वर्षी वकिलांना दंड जरा जास्त झाले.

देशाला अक्कल आली ती सहाव्या वर्षी, तिचं नाव पुन्हा गेलं आणि मंजूर झालं. शपथ घ्यायला तिनं उजवा हात वर केला, तोच पहिल्या रांगेतून गुड्रुन ओरडली, “आर्विला, ताठ उभी राहा गं!” मी तेही टिपलं. केक पुठ्ठ्यासारखा लागत होता. पण गुड्रुनची नजर फिरत होती, म्हणून सगळ्यांनी दोनदा घेतला.

जज झाल्यावर तिसऱ्या वर्षी डेल्मर क्विस्टचा खटला आला. डेल्मर ट्रक चालवायचा. चोरीच्या छत्तीस गाई त्यानं राज्याची हद्द ओलांडून नेल्या, असा आरोप. तो म्हणत होता, कागद बघून गाई चढवल्या, चोरीच्या आहेत हे मला काय माहीत? गुरांवरचे मालकीचे डाग तपासणारा एक निरीक्षक सांगायला तयार होता की ते खोटे कागद बघून मीही फसलो असतो. पण डेल्मरच्या वकिलानं त्याचं नाव दिलं ते साक्षीदारांची नावं द्यायची मुदत संपल्यावर दोन दिवसांनी.

“उशीर तो उशीर,” आर्विला म्हणाली. “साक्षीदार येणार नाही.”

ज्यूरीनं डेल्मरला दोषी धरलं. तो तुरुंगात गेला.

चौदा महिन्यांनी वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. वकिलाच्या चुकीची शिक्षा आरोपीला दिली, खटला नव्यानं चालवा, असं तिघा जजांनी लिहिलं. त्या दिवशी तिचं सूप गार होऊन गेलं.

“अगं, सगळ्यांचेच निकाल फिरतात,” मी म्हटलं.

“निकालाचं नाही गं, मार्लिस. त्याच्या पोरीची शाळा संपली त्या वर्षात. मी कॅलेंडर बघत बसले आणि माणूस बघितला नाही.”

दुसऱ्या खटल्यात निरीक्षक बोलला आणि ज्यूरीनं तासाभरात डेल्मरला सोडलं. ज्यूरी गेल्यावर आर्विलानं त्याला थांबवलं.

“मिस्टर क्विस्ट, तो साक्षीदार मी पहिल्या खटल्यातच ऐकायला हवा होता. चूक माझी. चौदा महिने मला परत देता येत नाहीत. मी तुमची माफी मागते.”

माझी बोटं यंत्रावर अडली, एकवीस वर्षांत त्या एकदाच.

डेल्मर टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “माझा बाप एक्क्याऐंशी वर्षं जगला, मॅडम. तो हे एकदाही बोलला नाही.” टोपी डोक्यावर ठेवून म्हणाला, “मी रागावलेलाच आहे. पण ऐकलं मी.”

“रागवायचा हक्क आहे तुमचा,” ती म्हणाली.

त्यानंतर आर्विला मवाळ झाली असं कुणाला वाटेल, तर ते वकिलांना विचारा. दंड तेवढेच होते. फक्त आधी एक प्रश्न वाढला: “का उशीर झाला?” आणि उत्तर ती शेवटपर्यंत ऐकायची. आमच्याकडचे वकील असे पाल्हाळिक, की दुपारची जेवणं अडीचवर जाऊ लागली.

सत्तरी आली तेव्हा पूर्ण पगारावर घरी बसायची मुभा होती. तिनं निम्मे खटले ठेवले आणि मोठं दालन नव्या जजला दिलं. नवा जज बेचाळीस वर्षांचा, फार हुशार. पहिल्याच दिवशी वही घेऊन आला. “या कामात सगळ्यात अवघड काय असतं?”

“ज्यूरीला भूक लागली हे ओळखणं,” आर्विला म्हणाली. “आणि बस खाली. खुर्चीचा डावा हात डुगडुगतो, तो दुरुस्त करून घे.”

त्यानं दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.