नाल्यावरचा पूल आणि माझं ‘चालेल’

पुलाजवळच्या गावच्या सरपंचांचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. एका पोरानं उत्तरात पूल नाल्याच्या वरून न्यायच्या ऐवजी खालून नेला होता, त्यामुळे माझं अर्धं लक्ष तिकडेच. “...उद्यापासून यस्टी सोडली तं चालेल न, सर?” यातलं शेवटचं ‘चालेल न’ तेवढं ऐकलं. “चालेल,” म्हणालो आणि फोन ठेवला.

पूर सोसणारे पूल कसे बांधावे, हे मी कॉलेजात शिकवतो. म्हणून समुद्रपूरकडच्या त्या नाल्यावरच्या पुलाची तपासणी माझ्याकडे आली होती. पुरानं पायाखालची माती किती खरवडून नेली, ते पाहायचं अजून बाकी होतं. तोवर माणसं आणि दुचाक्याच जाऊ द्या, असं मीच लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको शाळेत निघाली. तिची शाळा नाल्यापलीकडे. “आजपासून बस थेट जाते म्हणे. पायपीट वाचली!” मी मान डोलावली. तासाभरानं चहाचा दुसरा कप हातात घेतला, आणि मग डोक्यात उजेड पडला: बस त्याच पुलावरून जाणार!

सरपंचांचा फोन लागेना. बायकोला लावला, तर तो आमच्याच ओट्यावर चार्जिंगला वाजला.

पिपरी मेघेतल्या घरून स्कूटर काढली. पायात एक चप्पल माझी, एक तिची. वर्गात मी बसचं वजन फळ्यावर एका बाणानं दाखवतो. पोरं उतरवून घेतात, मी पुसून टाकतो. त्या दिवशी त्या बाणात माझी बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. रस्ताभर हॉर्नवरचा अंगठा मी काढलाच नाही.

नाला आला. बस अलीकडेच उभी. आत कोणी नाही. स्कूटर तशीच आडवी टाकून मी ड्रायव्हरकडे धावलो.

“सगळे पैदल गेले न, सर,” ड्रायव्हर म्हणाला. “मॅडमनं उतरवलं. मलेही म्हणे, गाडी हलवजो नको.”

सगळ्यांना पलीकडे पोचवून ती परत येताना दिसली. आधी तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“मी विचारलं, परवानगी कोणी दिली? कंडक्टर म्हणे, सर ‘चालेल’ म्हणाले. भाजीत मीठ नसलं तरी तुम्ही चालेलच म्हणता. म्हटलं, उतरा सगळे.”